फेन्समधली पहिली नॅरोबोट सफर : पीटरबरो ते डेन्व्हर, पाण्याच्या कलाने

पूर्व इंग्लंडमधल्या पीटरबरो शहराला खेटून नेन नदी वाहते. शहराच्या दक्षिण टोकाला स्टँग्राउंड नावाची वस्ती आहे आणि तिथे एक लॉक आहे, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारी दारांची कुंडी. त्या लॉकची दारं उघडली की बोट नदी सोडून चरांच्या राज्यात उतरते. तिथून पूर्वेला साल्टर्स लोडपर्यंत साधारण ३० मैलांचं पाणी आहे. साल्टर्स लोडपुढे अर्धा मैलभर भरती-ओहोटीची नदी, आणि ती ओलांडली की डेन्व्हर गाव. इंग्लंडच्या कालव्यांचं जाळं आणि ग्रेट ऊझ नदी यांना आतल्या आत जोडणारी नॅरोबोटीची, म्हणजे राहायची सोय असलेल्या लांब-अरुंद बोटीची, वाट म्हणजे हीच. फेन्स म्हणजे दलदल उपसून काढलेला हा सपाट प्रदेश, आणि त्यातल्या या भागाला मिडल लेव्हल म्हणतात.

मी मूळची पेणच्या खारेपाटातली. इंग्लंडमध्ये राहणारी मराठी मंडळी सुट्टीत स्कॉटलंडला जातात, लेक डिस्ट्रिक्टला जातात, पण ही सपाट जमीन मात्र गाडीच्या खिडकीतून पाहून सोडून देतात. मला इथे पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं. बांध, बांधापलीकडे खोल गेलेली शेतं, आणि भरतीचं पाणी आत येऊ न देता पावसाचं पाणी बाहेर सोडणारी दारं. आमच्याकडे त्या दारांना उघाडी म्हणतात. ज्याने खाडीकाठची उघाडी पाहिली आहे, त्याला फेन्समधल्या प्रवासाचं निम्मं गणित आधीच येतं. उरलेलं निम्मं या लेखात सांगते.

आधी हे पाणी कोणाचं, ते समजून घ्या

सतराव्या शतकापर्यंत इथे दलदल होती. लोक मासे आणि वाम धरायचे, पाणपक्षी मारायचे, बोरू कापायचे. मग बेडफर्डचे अर्ल आणि त्यांच्याबरोबर पैसे घालणारे भागीदार यांनी कॉर्नेलियस व्हर्मुयडेन या डच अभियंत्याला हाताशी धरून नद्यांना सरळ वाटा काढल्या. १६३० च्या दशकात ओल्ड बेडफर्ड नदी खणली गेली, २१ मैल लांब. १६५० च्या सुमारास तिच्याच बाजूला न्यू बेडफर्ड नदी आणि डेन्व्हरला समुद्राचं पाणी अडवणारं पहिलं दार झालं. खणायला डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश युद्धकैदीही जुंपले होते.

पाणी उतरलं, आणि त्याबरोबर जमीनही खाली जाऊ लागली. इथली काळी माती म्हणजे पीट, कुजलेल्या वनस्पतींचा थर. ती सुकली की आक्रसते, हवा लागली की हळूहळू झिजून जाते. होम फेन या ठिकाणी १८५१ च्या सुमारास एक खांब जमिनीत पुरला, टोक जमिनीला सपाट ठेवून. आज त्याचं सुमारे ४ मीटर अंग उघडं पडलं आहे. ती जागा समुद्रसपाटीच्या जवळपास पावणेतीन मीटर खाली आहे, ब्रिटनमधली सर्वांत सखल जमीन. नद्या आणि मोठे चर मात्र आपल्या बांधांत जिथल्या तिथे राहिले. म्हणून इथे बोटीच्या छपरावर उभं राहिलं की शेतातला ट्रॅक्टर खाली दिसतो.

आता शेतातलं पाणी पंपाने चरात, चरातून मोठ्या चरात आणि शेवटी सेंट जर्मन्सच्या पंपघरातून भरतीच्या नदीत ढकललं जातं. २०१० साली सुरू झालेलं ते नवं पंपघर सेकंदाला १०० घनमीटर पाणी उपसू शकतं. १८६२ साली त्याच जागचं जुनं दार कोसळून समुद्र आत घुसला होता. आमच्या भाषेत, खांड गेली होती. ही सगळी यंत्रणा मिडल लेव्हल कमिशनर्स नावाची संस्था चालवते, तिचं कार्यालय मार्च या गावी आहे.

हे इतकं लांबण लावून सांगितलं ते एवढ्यासाठी की या पाण्यावर आपण पाहुणे आहोत. पहिला हक्क शेताचा निचरा करण्याचा, बोटींचा नंतर. जोराच्या पावसाचा अंदाज आला की पाण्याची पातळी आधीच उतरवतात आणि बोट गाळात बसते. पाऊस पडून गेला की पातळी चढते आणि पुलाखालची जागा आक्रसते. नकाशा तोच असतो, वाट मात्र बदललेली असते. नियोजन पाण्याकडे पाहून करायचं.

कागदपत्रं

नॅरोबोट स्वतःची असेल तर तीन गोष्टी तपासा. नेन आणि ग्रेट ऊझ या नद्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या ताब्यात आहेत, मधला भाग कमिशनर्सच्या. पूर्वी मिडल लेव्हलमध्ये बोट फुकट फिरायची. २०१८ च्या मिडल लेव्हल कायद्यानुसार आता नोंदणी, शुल्क, विमा आणि बोट सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. तुमच्याकडे असलेला परवाना यांतल्या कोणत्या पाण्याला चालतो हे निघण्याच्या दोन आठवडे आधी लेखी विचारून घ्या.

बोट भाड्याने घेणार असाल तर ही कामं बोटवाल्याची. मात्र एक प्रश्न बुकिंग करतानाच विचारा : साल्टर्स लोडच्या बाहेर, भरतीच्या पाण्यात बोट न्यायला परवानगी आहे का? पुष्कळदा नसते, किंवा अनुभव असेल तरच मिळते. नसेल तर मन खट्टू करू नका. मार्चहून निघून आउटवेलपर्यंत जाऊन परत येणं, किंवा व्हिटल्सीकडे जाऊन येणं, ही तीन-चार दिवसांची उत्तम पहिली सफर आहे. खरं तर पूर्ण नवख्या कुटुंबाला मी हाच सल्ला देते.

बोट केवढी घ्यावी

नॅरोबोट जेमतेम ७ फूट रुंद असते. रुंदीचा प्रश्न येत नाही, लांबीचा येतो. व्हिटल्सी गावात पाणी काँक्रीटच्या अरुंद पन्हळीतून जातं आणि ब्रिगेट नावाच्या जागी काटकोनात वळतं. साल्टर्स लोडच्या लॉकमध्येही सुमारे ६० फुटांपेक्षा लांब बोट एरवी मावत नाही. तिला नदीचं आणि आतलं पाणी एका पातळीला येऊन दोन्ही दारं एकदम उघडेपर्यंत थांबावं लागतं. चार माणसांना ४५ ते ५० फुटांची बोट पुष्कळ झाली.

छपरावरच्या कुंड्या, सायकली, धुराडं हे सगळं खाली उतरवता येईल असं ठेवा. मुख्य वाट सोडून आडबाजूच्या चरांत शिरायचं असेल तर काही पूल फारच खाली आहेत. पहिल्या खेपेला तो मोह टाळा.

तारीख ठरवताना शेवटाकडून सुरुवात करा

या सफरीचं सगळं वेळापत्रक एकाच जागेवर लटकलेलं आहे, साल्टर्स लोडच्या लॉकवर. त्याचं बाहेरचं दार भरतीच्या नदीवर उघडतं, आणि ते भरतीच्या आसपासच वापरता येतं. ओहोटीला बाहेर नुसता चिखल दिसतो. तेव्हा आधी त्या लॉकची वेळ घ्यायची आणि मग मागे मागे येत स्टँग्राउंडची.

आमच्याकडे तिथीवरून भरती काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या बाजूच्या भरतीची वेळ येते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित इथे जसंच्या तसं लावू नका, कारण प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी. पण चंद्राचा नियम तोच आहे. नदीच्या मुखाशी किंग्ज लिन बंदर आहे. तिथे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला, उधाणाच्या दिवसांत, भरती सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, ती दुपारच्या आसपास सरकते आणि पाण्याचा जोरही कमी असतो. डेन्व्हरला भरती किंग्ज लिनच्या नंतर पोचते. म्हणून नवख्याने दिनदर्शिका काढून अष्टमीच्या आगेमागे दोन दिवस शोधावेत. भर उजेडात, सौम्य पाण्यात नदी ओलांडता येते. ही माझी पद्धत. तुमची नेमकी वेळ मात्र साल्टर्स लोडचे लॉककीपरच सांगतील आणि त्यांचा शब्द शेवटचा.

समजा त्यांनी शनिवारी दुपारी एकची वेळ दिली. तर शुक्रवारचा मुक्काम आउटवेलला, गुरुवारचा मार्चला, आणि गुरुवारी सकाळी आठला स्टँग्राउंडच्या लॉकपाशी हजर. स्टँग्राउंडलाही किमान २४ तास आधी कळवावं लागतं. एक जादा दिवस हाताशी ठेवा. वारा पडला नाही, पाणी उतरवलं, गवत अडकलं, यांपैकी काहीतरी होतंच. सुट्टी रविवारी संपत असेल तर ही सफर शनिवारी संपवायचा हट्ट धरू नका.

ऋतू म्हणाल तर मे-जून सर्वांत चांगले. एप्रिलमध्ये गार वारा झोंबतो, जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यात गवत माजतं, सप्टेंबरात पुन्हा बरं होतं. हिवाळ्यात पाण्यावर निचऱ्याचीच सत्ता असते, तेव्हा नवख्याने येऊच नये.

सुकाणू हाती घेण्याआधी

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं. हे वाचून सगळेच मान हलवतात आणि पहिल्या वळणावर उलटं करतात. बोट साधारण मधल्या भागावर फिरते, त्यामुळे नाक वळलं की शेपूट दुसऱ्या बाजूला जातं. पुलाखालून वळताना नजर मागेही ठेवा. मागे घेताना सुकाणू जवळजवळ काम करत नाही. आणि बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर उलटा गिअर टाकायचा आणि दोन बोटींच्या लांबीइतकं आधी टाकायचा.

समोरून बोट आली की आपण आपल्या उजवीकडे राहायचं, रस्त्याच्या बरोबर उलट.

वेग चालत्या माणसाइतका. यामागे शिष्टाचारापेक्षा मोठं कारण आहे. पाणी उथळ असलं की इंजिन वाढवून बोट पुढे जात नाही, मागचा भाग खाली बसतो आणि लाट काठावर फुटते. हे काठ म्हणजे कोणाच्या तरी शेताचा बांध आहे, आणि शेत पाण्याच्या पातळीखाली आहे. मागे वळून पाहा. काठावरचं बोरू आपल्या लाटेने वाकत असेल तर वेग कमी करा.

आरवायए या संस्थेचा अंतर्देशीय पाण्यावर बोट चालवण्याचा एक-दोन दिवसांचा अभ्यासक्रम असतो. पैसे वाया जात नाहीत. तो जमला नाही तर निदान बोटवाला सगळं समजावून सांगतो तेव्हा घरातल्या दोघांनी ऐका आणि मोबाईलवर चित्रण करून ठेवा. संध्याकाळी इंजिनचं झाकण उघडल्यावर त्याने सांगितलेलं काही आठवत नाही.

बरोबर काय घ्यायचं

कपडे कमी, दोर जास्त. बांधायला तीन मजबूत दोर, जमिनीत ठोकायचे लोखंडी खुंटे आणि घण हवा, कारण या बांधांवर बांधायला कडी-खांब क्वचितच सापडतो. भरतीच्या पाण्यासाठी साखळीसकट नांगर, आणि तो पुढच्या टोकाशी बांधून तयार ठेवलेला हवा, पेटीच्या तळाशी नको. माणशी एक लाईफ जॅकेट. फेकायची दोरी. नेनवरच्या लॉकसाठी एन्व्हायर्न्मेंट एजन्सीची किल्ली लागते. मधल्या लॉकना हाताने फिरवायचं हँडल लागतं. आपल्याकडचं तिथे बसतं का हे स्टँग्राउंडलाच लॉककीपरना दाखवून विचारा.

लांब बाह्यांचे रबरी हातमोजे आणि करवती धारेची पावाची सुरी. ती कशाला हे पुढे येईलच.

पाण्याची टाकी निघताना काठोकाठ भरा, शौचाची टाकी रिकामी करून निघा. वाटेत पाण्याचे नळ आणि मैला टाकायच्या सोयी थोड्याच जागी आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दाबून पाहा. रात्री गारठा म्हणून खिडक्या-झरोके बंद करून आत गॅस पेटता ठेवणं जिवावर बेततं. आणि कोकणातल्या माणसाला लेप्टो माहीत आहे. उंदरांच्या मुत्रातून येणारा तोच आजार या पाण्यातही असू शकतो. हाताला जखम असेल तर पट्टी लावा, दोर हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पोळीला हात लावू नका.

किराणा मार्चपर्यंतचा घ्या, तिथे दुकानं काठापासून जवळ आहेत. पुढे भरवसा नको. आम्ही डाळ-तांदूळ, मेतकूट आणि लोणचं नेतो. वारा सुटलेल्या दिवशी सुकाणूवरून हलता येत नाही, तेव्हा एका भांड्यातली खिचडी आणि वर तुपाची धार यासारखं दुसरं जेवण नाही.

पहिला दिवस : स्टँग्राउंड ते मार्च

लॉक म्हणजे पाण्याची पायरी. बोट आत घ्यायची, मागचं दार बंद करायचं, झडपा उघडून पाणी पुढच्या पातळीइतकं उतरवायचं किंवा चढवायचं आणि पुढचं दार उघडायचं. उतरताना एकच गोष्ट जिवाची आहे. वरच्या दाराच्या आतल्या बाजूला पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. पाणी उतरताना बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला तर नाक खाली जातं आणि बोट मिनिटांत बुडते. उंबरठा कुठवर आहे ते भिंतीवर रंगाने दाखवलेलं असतं. बोट त्या रेषेच्या पुढे ठेवा, दोर हातात धरा पण बांधू नका. काही चुकतंय असं वाटलं तर झडपा ताबडतोब पाडून बंद करा. मगच काय झालं ते पाहा.

स्टँग्राउंडला लॉककीपर असतात. ‘पहिल्यांदाच आलोय’ असं त्यांना सरळ सांगा. आम्ही सांगितलं तेव्हा त्यांनी आमची घाई थांबवली, पाण्याची त्या दिवशीची पातळी सांगितली आणि पुढे गवत कुठे दाट आहे तेही.

पुढे किंग्ज डाइक. दोन्ही बाजूंना विटांच्या भट्ट्यांची जमीन आहे, लंडनच्या किती घरांच्या भिंती या मातीतून गेल्या. याच भागात मस्ट फार्म आहे. तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी खांबांवर बांधलेली घरं आगीत जळून नदीत पडली आणि गाळात जशीच्या तशी राहिली, भांड्यांत अन्न शिल्लक असलेली. त्याच जुन्या नदीच्या पात्रात २०११ साली लाकूड कोरून केलेल्या नऊ होड्या सापडल्या. पाण्यावरून काही दिसत नाही, पण इथे इंजिन हळू करावंसं वाटतं.

व्हिटल्सीचं काटकोनी वळण येण्याआधी एकाला नाकावर उभं करा. समोरून कोणी येत नाही ना हे त्याने पाहायचं आणि हात करायचा. वळणात अगदी सावकाश शिरा, नाक बाहेरच्या भिंतीजवळ जाऊ द्या आणि मग दांडा पूर्ण ढकलून इंजिनला छोटा झटका द्या. लांब काठीने ढकलावं लागलं तर ढकला. पाय मात्र कधीही भिंत आणि बोट यांच्यामध्ये घालू नका. बोटीचं वजन कित्येक टन असतं.

गाव संपल्यावर अ‍ॅशलाइन लॉक. ते आपलं आपण चालवायचं. मग व्हिटल्सी डाइकची मैलोन् मैल सरळ रेघ. पहिल्या तासात कंटाळा येईल असं वाटतं. मग डोळे सरावतात. बोरूच्या कडेला राखी बगळा उभा असतो, आपण दहा हातांवर येईपर्यंत हलत नाही. खंड्या निळी रेघ मारून जातो. बांधावरून भोवत्या पंख पसरून हेलकावे घेत असतो. शेंडीवाली मोठी टिबुकली बुडी मारते ती कुठे वर येईल यावर मुलं पैजा लावतात. आणि वारा. इथे वाऱ्याला अडवायला काही नाही. ताशी २५ मैलांच्या पुढे असेल तर बोट तिरकी धरून चालवावी लागते. त्याहून जास्त सुटला तर बांधून ठेवा आणि चहा करा.

फ्लड्स फेरीला ओल्ड नेन नदी मिळते. तिथून वळणावळणाने मार्च. स्टँग्राउंडपासून सहा-सात तास धरा. मार्चला गावाच्या मधोमध बोटी बांधायची जागा आहे. पोचल्यावर अंगात त्राण असेल तर सेंट वेंड्रेडाच्या चर्चपर्यंत चालत जा. लाकडी छताच्या तुळयांतून शंभराहून अधिक देवदूत पंख पसरून बाहेर आलेले आहेत. मी तिथे मान दुखेपर्यंत वर पाहत बसले होते.

दुसरा दिवस : मार्च ते आउटवेल

सकाळी इंजिनचं तेल पाहा, बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा ज्यावर फिरतो त्या दांड्याचं ग्रीस फिरवा, पंख्याभोवती काही अडकलं नाही ना ते पाहा. मार्मोंट प्रायरीचं लॉक ओलांडलं की वेल क्रीक सुरू होते. माझ्या मते ही या वाटेवरची सर्वांत सुंदर जागा. अपवेल आणि आउटवेल ही गावं पाण्याच्या दोन्ही काठांवर वसली आहेत, घराच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. ही वाट विसाव्या शतकात गाळ आणि कचऱ्याने मरायला टेकली होती. गावकऱ्यांनी वेल क्रीक ट्रस्ट काढून ती वाचवली. आज तुम्ही जिथे बोट बांधता त्या जागाही त्यांच्याच कष्टातल्या आहेत. पात्र उथळ आहे, म्हणून मधोमध चाला.

गवताची गोष्ट इथलीच. जुलै महिना होता. यजमान सुकाणूवर, मी आत कणीक मळत होते. इंजिनचा आवाज आधी जड झाला, मग घोगरा. धुराड्यातून काळा धूर आला आणि बोट जागच्या जागी रांगू लागली. आम्ही दहा मिनिटं वेग वाढवून पाहिला, आणि तीच चूक होती. अशा वेळी पहिली गोष्ट : इंजिन बंद. दुसरी : किल्ली काढून खिशात. कोणाचा हात आत असताना दुसऱ्याने इंजिन सुरू केलं तर काय होईल ते सांगायला नको. मग मागच्या फळ्या उचलल्या, पंख्यावरच्या कुपाचं, म्हणजे वरून पंख्यापर्यंत हात घालता येतो त्या पोकळीचं, झाकण सोडवलं आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. हाताला लागलं ते ओल्या केसांच्या गुंत्यासारखं हिरवं गवत. मूठभर ओढलं की मूठभर येत होतं. ते निघाल्यावर खाली काहीतरी कडक, गुळगुळीत लागलं. निळी नायलॉनची दोरी, दांड्याभोवती सात-आठ वेढे, उष्णतेने वितळून एकजीव झालेली. पावाच्या सुरीने एकेक वेढा करवतीसारखा कापला. चाळीस मिनिटं लागली. शेवटी झाकण बसवून मळसूत्र घट्ट आवळलं आणि हाताने हलवून पाहिलं. हे शेवटचं विसरू नका. ते झाकण सैल राहिलं तर इंजिन सुरू होताच पंखा पाणी आत उडवतो, आणि त्याने बोटी बुडालेल्या आहेत.

आता आम्ही आवाज बदलला की लगेच गिअर काढतो, क्षणभर उलटा गिअर देतो. पुष्कळदा गवत त्यानेच सुटतं. दाट थर दिसला तर त्याच्या आधी वेग घेऊन, थरावर पोचल्यावर गिअर काढून नुसतं तरंगत जातो.

तिसरा दिवस : भरती

आउटवेलच्या पुढे मुलिकोर्टचा जलसेतू आहे. खालून मिडल लेव्हलचा मुख्य चर वाहतो, वरून आपली बोट. खाली पाहा, सेंट जर्मन्सकडे निघालेलं पाणी तेच. मग नॉर्डेल्फ, आणि साल्टर्स लोड. वेळेच्या तासभर आधी पोचा. वाट पाहताना ही कामं करून घ्या : सगळ्यांनी लाईफ जॅकेट घाला, छपरावरचं सामान आत घ्या, पुढची दारं-खिडक्या बंद करा, नांगर तयार, इंजिन आधीच तापलेलं, कुपात गवत नाही याची खात्री. मुलं आत, कुत्रा आत.

मग पायी वर जाऊन बांधावरून नदी पाहा. तपकिरी, गढूळ, थेट आपल्या खाडीसारखी. भरती झपाट्याने चढते, ओहोटी मात्र रेंगाळत उतरते. आपण निघतो ते भरतीबरोबर, म्हणजे पाणीच आपल्याला डेन्व्हरकडे नेतं. लॉककीपर इशारा करतील तेव्हा निघा, आणि दारातून बाहेर पडताना कच खाऊ नका. अर्धी बोट बाहेर पडली की प्रवाह नाकाला धरून उजवीकडे ओढतो. आपल्यालाही उजवीकडेच वळायचं असतं, पण शेपूट अजून लॉकच्या भिंतीत असतं. म्हणून पूर्ण बाहेर येईपर्यंत चांगला जोर द्या, मग वळा. समोर गाळाची उंचवट्याची जागा असते. ती त्या दिवशी कुठे आहे हे आधी विचारून ठेवा.

पुढची दहा-पंधरा मिनिटं फक्त नदीकडे लक्ष द्या, फोटो नंतर. डेन्व्हरपाशी पाणी दुभंगतं. उजवीकडचा रुंद फाटा न्यू बेडफर्ड नदीचा, त्यात शिरायचं नाही. डावा फाटा धरा. मोठी दारं दिसतात ती पुराची, बोटींचं लॉक त्यांच्या शेजारी आहे. दिवा हिरवा असेल तर आत जा, तांबडा असेल तर प्रवाहात नाक धरून थांबा. इंजिन बंद पडलंच तर पहिल्या सेकंदाला नांगर टाका, दुरुस्ती मग पाहा.

ज्या दाराशेजारून तुम्ही आत जाता त्याचं मूळ बांधकाम १६५१ चं. ते १७१३ साली पाण्याने फोडलं, १७५० ला पुन्हा बांधलं, १८३४ साली सर जॉन रेनी यांनी पुन्हा. वडिलांना मी याचे फोटो पाठवले, तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, ‘‘उघाडी लाकडाची की लोखंडाची?’’

लॉकमधून वर आलं की एकदम शांत, रुंद पाणी लागतं. तिथे बोट बांधा, इंजिन बंद करा, आणि अंधार पडण्याआधी दोन कामं उरकून घ्या. कुपात हात घालून पंखा तपासा, खाडीच्या पाण्यात काहीबाही येतं. आणि इंजिनच्या थंड पाण्याची जाळी असेल तर ती उघडून गाळ धुऊन टाका. परतीच्या भरतीची वेळही तिथेच लॉककीपरकडून लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ईलीकडे निघालात की तासन् तास आधीपासून कॅथेड्रलचा मनोरा सपाट जमिनीवर दिसू लागतो.